टेबलावरच्या अवकाशयुद्धात जहाजांचा ताफा एकत्र कसा वळवायचा

सहा-सात छोटी लढाऊ जहाजे टेबलाच्या एका कडेपासून निघून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात, लघुग्रहांना वळसा घालतात आणि शत्रूसमोर पोहोचताना सगळ्यांची नाके एकाच बाजूला रोखलेली असतात, हे दृश्य 'एक्स-विंग' या खेळात जितके देखणे, तितकेच नवख्या खेळाडूच्या हातून ते लवकर बिघडते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच आपली जहाजे आपल्याच जहाजांवर आदळू लागतात आणि ताफ्याची दाटीवाटी होते. दोष बहुतेक वेळा नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात या खेळातल्या हालचालींमागची भूमिती इतकी नेमकी आहे, की ती एकदा समजली की आपला ताफा कोणत्या वळणावर अडकेल आणि कोणत्या वळणावर सुखरूप निघेल, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच कागदावर मांडून पाहता येते.

'एक्स-विंग' हा 'स्टार वॉर्स'च्या विश्वातील लढाऊ यानांचा टेबलावर खेळायचा युद्धखेळ आहे. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकी कंपनीने तो २०१२ साली बाजारात आणला, २०१८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, पुढे तो अ‍ॅटॉमिक मास गेम्स या कंपनीकडे गेला आणि २०२४ साली त्याचे नवे साहित्य काढणे थांबवत असल्याचे जाहीर झाले. ज्यांच्याकडे जहाजे आहेत ते मात्र अजूनही खेळतात. दोन्ही आवृत्त्यांत गुण आणि पत्ते बदलले, पण जहाज हलवण्याची मूळ पद्धत तीच राहिली, त्यामुळे पुढचे सगळे विवेचन दोन्हींना लागू पडते.

खेळाचे मैदान तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद असते आणि त्यावर बुद्धिबळाप्रमाणे घरे आखलेली नसतात. प्रत्येक लहान जहाज ४० मिलिमीटर बाजूच्या चौकोनी प्लास्टिकच्या बेसवर उभे असते. ते हलवण्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या २० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या असतात, त्यांना टेम्प्लेट म्हणतात. सरळ जाण्याच्या पाच पट्ट्या ४० मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंत चाळीस-चाळीसने वाढत जातात. ४५ अंशांत वळणाऱ्या तीन पट्ट्यांना 'बँक' आणि ९० अंशांत वळणाऱ्या तीन पट्ट्यांना 'टर्न' म्हणतात, आणि आकडा जितका मोठा तितके वळण लांबचे. पट्टीचे एक टोक बेसच्या पुढच्या बाजूला असलेल्या दोन खुंट्यांमध्ये अडकवायचे, जहाज उचलायचे आणि त्याची मागची बाजू पट्टीच्या दुसऱ्या टोकाला टेकवून ठेवायचे. म्हणजे पट्टीच्या लांबीत बेसची लांबी मिळवली की जहाज किती सरकले ते कळते: १ सरळ म्हणजे ८० मिलिमीटर, २ सरळ म्हणजे १२० मिलिमीटर. ही बेरीज नवखे खेळाडू हमखास विसरतात आणि त्यांचा अंदाज एका बेसने चुकतो.

गुंतागुंत येते ती क्रमामुळे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोन्ही खेळाडू आपल्या प्रत्येक जहाजाची चाल एका गोल डायलवर गुपचूप निवडून ती पालथी ठेवतात, आणि त्या वेळी टेबलावर पट्टी ठेवून मोजून पाहण्याची मुभा नसते. त्यानंतर जहाजे एकेक करून हलतात. पहिल्या आवृत्तीत 'पायलट स्किल' आणि दुसऱ्या आवृत्तीत 'इनिशिएटिव्ह' या नावाचा जो आकडा वैमानिकाच्या पत्त्यावर छापलेला असतो, तो ज्याचा कमी ते जहाज आधी हलते आणि ज्याचा जास्त ते नंतर. गोळीबाराचा क्रम नेमका उलटा असतो. एकाच खेळाडूच्या समान आकड्याच्या जहाजांत कोणी आधी हलायचे, हे तो खेळाडू स्वतः ठरवतो. या शेवटच्या नियमाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण ताफा चालवण्याची निम्मी कला त्यात आहे.

जहाज दुसऱ्या जहाजाच्या वरून पलीकडे गेले तर हरकत नसते, कारण अवकाशात वर-खाली भरपूर जागा आहे असे खेळ गृहीत धरतो. जिथे थांबायचे ती जागा मात्र मोकळी असावी लागते. ती नसेल तर जहाजाला त्याच पट्टीवरून मागे सरकवत आणून मोकळी जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुधा अडवणाऱ्या जहाजाला चिकटवून, थांबवतात. यालाच 'बंप' होणे म्हणतात, आणि अशा जहाजाला त्या फेरीत नेम धरणे किंवा बचावाची तयारी करणे यांसारखी कोणतीही कृती सहसा करता येत नाही. नंतरच्या नियमांत तर स्वतःच्याच जहाजावर आदळल्यास नुकसानीसाठी फासा टाकावा लागू लागला.

मग इतका धोका पत्करून जहाजे जवळजवळ न्यायचीच कशाला? याचे उत्तर टाय फायटर या जहाजात आहे. ते चपळ आहे, पण त्याचे कवच फक्त तीन घावांचे आणि हल्ल्याचे फासे दोनच. एकट्याने त्याचा कोणाला धाक वाटत नाही. पहिल्या आवृत्तीत १०० गुणांचा ताफा उभा करायचा असे आणि सर्वांत साधा टाय फायटर १२ गुणांना मिळे, म्हणून आठ जहाजांचा घोळका सहज उभा राहत असे. असा घोळका एकाच फेरीत एकाच शत्रूवर तुटून पडला, की समोरच्याची बचावाची सगळी साधने पहिल्या दोन-तीन हल्ल्यांतच संपतात. त्यात 'हाउलरनर' ही वैमानिक असेल, तर तिच्यापासून पहिल्या पल्ल्यात, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आत असलेल्या आपल्या प्रत्येक जहाजाला हल्ल्याचा एक फासा पुन्हा टाकता येतो. अठरा गुणांची ही एक वैमानिक जवळच्या सगळ्यांची धार वाढवते, पण जवळ राहिले तरच. फॉर्मेशनचा सारा खटाटोप त्या १०० मिलिमीटरसाठी असतो.

ज्यांनी शाळेत किंवा एनसीसीत कवायत केली आहे, त्यांना पुढचा मुद्दा पटकन कळेल. 'दाहिने मुड' म्हटले की प्रत्येक जण आपापल्या जागी उजवीकडे वळतो. पथकाचा जमिनीवरचा आकार तसाच राहतो, फक्त आतापर्यंत जी आडवी ओळ होती ती आता उभी रांग झालेली असते. 'दाहिने घूम' म्हटले की संपूर्ण ओळ दरवाजाच्या फळीसारखी फिरते. आतला माणूस जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकत पाव वर्तुळाची कड कापतो. या खेळात सगळ्या जहाजांच्या डायलवर एकच चाल लावली, की जे घडते ते 'मुड' असते, 'घूम' नव्हे, आणि नवख्याच्या मनात मात्र नेहमी 'घूम'चे चित्र असते.

हे असे का होते, ते पाहू. सगळी जहाजे एकाच दिशेला तोंड करून उभी असतील आणि सगळ्यांनी एकच पट्टी वापरली, तर प्रत्येक जहाज टेबलावर अगदी सारख्याच दिशेने आणि सारख्याच अंतराने सरकते. त्यामुळे त्यांची एकमेकांपासूनची अंतरे आणि दिशा जशाच्या तशा राहतात, बदलते ते फक्त नाक. चार जहाजे आडव्या ओळीत असताना सगळ्यांनी ९० अंशांचे वळण घेतले, की ती एकामागे एक अशा रांगेत येतात आणि समोरच्या शत्रूवर चौघांऐवजी एकाचाच मारा नीट पोहोचतो. याउलट, ज्या आकाराला ९० अंशांत फिरवले तरी तो तसाच दिसतो असा आकार घेतला, तर हा प्रश्नच उरत नाही. असा सर्वांत सोपा आकार म्हणजे दोन पुढे आणि दोन मागे असा चौरस. मात्र तो खरोखर चौरस हवा. शेजाऱ्यांमधली फट आणि पुढच्या-मागच्या जहाजांमधली फट सारखी नसेल, तर वळल्यावर दोन्ही फटींची अदलाबदल होते आणि सारा हिशेब विस्कटतो. षटकोनी घरांच्या नकाशावर खेळल्या जाणाऱ्या जुन्या अवकाशखेळांत ही चिंता बरीच कमी असते, कारण तिथे घरांची जाळीच ६० अंशांच्या वळणाशी जुळलेली असते. उघड्या टेबलावर ती जाळी आपण मनात धरून चालायची असते.

फट किती ठेवायची? बेसला बेस चिकटवून चौरस उभा केला तर तो दिसायला भक्कम वाटतो आणि ९० अंशांच्या वळणात टिकतोही, पण ४५ अंशांच्या पहिल्याच बँकमध्ये मोडतो. बँक घेतल्यावर प्रत्येक चौकोनी बेस तिरका होतो, आणि ४० मिलिमीटर बाजूच्या चौकोनाचा कर्ण साधारण ५७ मिलिमीटर असतो. शेजारच्या दोन जहाजांच्या मध्यबिंदूंमधले अंतर त्याहून कमी असेल, तर वळलेले दोन्ही बेस एकाच जागेवर हक्क सांगतात. म्हणून दोन बेसमधली फट किमान १७ मिलिमीटर हवी. टेम्प्लेटची रुंदी २० मिलिमीटर असते, हा योगायोग असो वा नसो, फार सोयीचा आहे: दोन जहाजांत एक पट्टी उभी मावेल इतकी जागा सोडली, की बँकला पुरते आणि वर मध्यबिंदूंच्या अंतरात जेमतेम तीन मिलिमीटरची सवडही मिळते. हाताने जहाज उचलून ठेवताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, तेवढी चूक ही सवड पोटात घालते. पुढच्या सगळ्या हिशेबात मी ही २० मिलिमीटरची फट, म्हणजे मध्यबिंदूंमधले ६० मिलिमीटरचे अंतर, धरले आहे.

एक बँक घेतल्यावर आपला चौरस नाकाच्या दिशेने पाहता हिऱ्याच्या आकाराचा होतो: एक जहाज पुढे, दोन मध्ये आणि एक मागे. लागलीच दुसरी बँक त्याच बाजूला घेतली की पुन्हा चौरस. हिऱ्याच्या अवस्थेत लढाईला तोंड लागले तर तोटा होतो, कारण पुढच्या आणि मागच्या जहाजांत आता सुमारे ८५ मिलिमीटरचे अंतर पडलेले असते आणि खेळातला एक पल्ला १०० मिलिमीटरचा. पहिल्या पल्ल्यातून मारा केल्यास हल्ल्याचा एक फासा वाढतो, तिसऱ्या पल्ल्यातून केल्यास समोरच्याचा बचावाचा एक फासा वाढतो, म्हणून एकाच लक्ष्यावर मारा करताना पुढच्याला मिळणारा फायदा मागच्याला मिळत नाही. अनुभवी खेळाडू दोन बँक घेऊन झाल्यावर शत्रू टप्प्यात येईल असा हिशेब पहिल्या फेरीपासून ठेवतात, आणि माझ्या मते नवख्याने शिकायची पहिली गोष्ट हीच आहे, त्याआधी कोणत्याही चतुर पत्त्यांच्या जोड्या शिकण्यात अर्थ नाही.

कोणी आधी हलायचे

शेवटी जागा बरोबर जुळणार असल्या, तरी जहाजे एकेक करून हलत असल्यामुळे मध्येच टक्कर होऊ शकते. एक उदाहरण जवळून पाहू. चार टाय फायटरांचा चौरस उभा आहे आणि सगळ्यांच्या डायलवर उजवीकडचा १ टर्न लावलेला आहे. या पट्टीच्या मध्यरेषेची त्रिज्या सुमारे ३५ मिलिमीटर असते, त्यामुळे बेसचा पुढचा अर्धा भाग, वळण आणि मागचा अर्धा भाग मिळून जहाज ५५ मिलिमीटर पुढे आणि ५५ मिलिमीटर उजवीकडे जाते. आता मागच्या ओळीतल्या डाव्या जहाजाच्या जागेवरून पाहा: त्याच्या तिरप्या रेषेत, ६० मिलिमीटर पुढे आणि ६० मिलिमीटर उजवीकडे, पुढच्या ओळीतले उजवे जहाज उभे आहे. ते अजून हलले नसेल, तर मागचे डावे जहाज जवळजवळ अचूक त्याच्या डोक्यावर जाऊन बसते. बाकीच्या दोघांना मात्र कोणाचाही अडथळा होत नाही. २ टर्नमध्ये जहाज सुमारे ८२ मिलिमीटर पुढे आणि तेवढेच उजवीकडे जाते, आणि हीच टक्कर पुन्हा होते. ३ टर्नमध्ये ते ११० मिलिमीटर पुढे आणि ११० मिलिमीटर उजवीकडे जाते, त्यामुळे पुढच्या जहाजाला ओलांडून अलगद पलीकडे उतरते. सरळ चालीत २ सरळ घेतल्यास मागच्या ओळीतले जहाज आधी हलले तरी ते पुढच्याला ओलांडून त्याच्यासमोर ६० मिलिमीटरवर थांबते. पण ताफ्यात तिसरी ओळ असेल, तर तिचे जहाज १२० मिलिमीटर पुढे जाऊन बरोबर पहिल्या ओळीच्या जागेवर पडते.

सगळ्यांवर एकच चाल लावलेली असेल, तर या साऱ्याला पुरून उरणारा एक नियम आहे: ताफा ज्या दिशेला सरकणार आहे, त्या दिशेला सर्वांत पुढे असलेले जहाज आधी हलवायचे, मग त्याच्या मागचे, आणि असेच शेवटापर्यंत. उजवीकडे टर्न असेल तर पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात, डावीकडे असेल तर पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून. लहान बेसच्या जहाजांना हा नियम पाळल्यावर आपसांतली टक्कर भूमितीनेच अशक्य होते.

समुद्रावरच्या खऱ्या आरमारांनाही हा प्रश्न सोडवावा लागला होता, पण त्यांचे उत्तर उलटे होते. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत जर्मन नौसेनापती राइनहार्ट शेअर यांचा ताफा एकामागे एक अशा लांबलचक रांगेत ब्रिटिश आरमाराच्या माऱ्यात सापडला, तेव्हा त्यांनी सगळ्या जहाजांना एकदम १८० अंशांत वळून माघार घेण्याचा हुकूम दिला. ठरलेल्या रीतीप्रमाणे वळायला सुरुवात शेपटाकडच्या जहाजाने करायची आणि मागचे वळू लागलेले दिसले की त्याच्या पुढच्याने वळायचे, कारण पुढचे जहाज आधी वळले असते तर ते मागून वेगाने येणाऱ्या जहाजाच्या वाटेत आडवे आले असते. समुद्रावर एक जहाज दुसऱ्याच्या अंगावरून जाऊ शकत नाही. टेबलावर ते जाऊ शकते आणि फक्त थांबण्याची जागा महत्त्वाची ठरते, म्हणून तिथे शेपटापासून आणि इथे तोंडापासून.

हा क्रम आपल्या हातात राहतो तो सगळ्या वैमानिकांचा आकडा सारखा असेल तरच, आणि इथेच हाउलरनर अडचण करते. पहिल्या आवृत्तीत तिचे पायलट स्किल ८ आणि साध्या अकॅडमी पायलटचे १, म्हणजे आपल्या मनात असो वा नसो, ती सगळ्यांच्या शेवटी हलणार. तिला पुढच्या ओळीत उभे केले, तर टर्नच्या वेळी तिची जागा रिकामी होण्याआधीच तिरप्या रेषेतला मागचा साथीदार तिच्यावर येऊन आदळतो आणि आपली कृती गमावून बसतो. म्हणून तिची जागा मागच्या ओळीत. शेवटी हलणाऱ्याच्या पुढे कोणीच न हललेले उरत नाही, आणि जे हलले ते आपापल्या ठरलेल्या जागी गेलेले असतात. मागे राहिल्याने तिच्यावरचा मारा थोडा कमी होतो, हा वरकड नफा. ताफा दोन ओळींत तीन-तीन जहाजांचा असेल तर ती मागच्या ओळीच्या कोठेही चालते, कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची फट ८० मिलिमीटरच होते. चार-चार जहाजांच्या ओळीत मात्र टोकाच्या दोघांमध्ये १४० मिलिमीटर पडतात, म्हणून तिथे तिला मधल्या दोन जागांपैकी एकच द्यावी लागते.

खरोखर 'घूम' करायचे असेल तर

कधीकधी आडवी ओळ आडवीच ठेवून वळवायची असते. त्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या जहाजांना वेगवेगळ्या पट्ट्या द्याव्या लागतात, आणि बाहेरच्या वळणाची त्रिज्या आतल्यापेक्षा नेमकी दोघांच्या मध्यबिंदूंतल्या अंतराइतकी जास्त असावी लागते. टर्नच्या तीन पट्ट्यांच्या त्रिज्या सुमारे ३५, ६२.५ आणि ९० मिलिमीटर आहेत, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांत २७.५ मिलिमीटरचा फरक. बेसच मुळात ४० मिलिमीटरचा असल्यामुळे आतल्याला १ आणि बाहेरच्याला २ टर्न दिला, की दोघे वळणाच्या शेवटी एकमेकांवर चढतात. अनेकांना ही जोडी स्वाभाविक वाटते, म्हणूनच ती इतक्यांना फसवते. आतल्याला १ आणि बाहेरच्याला ३ दिला तर फरक ५५ मिलिमीटर होतो, आणि आपल्या ६० मिलिमीटरच्या मांडणीत बाहेरचे जहाज अवघे पाच मिलिमीटर मागे राहते. ते डोळ्यांना जाणवतही नाही.

बँकच्या त्रिज्या सुमारे ८०, १३० आणि १८० मिलिमीटर आहेत, फरक ५० मिलिमीटरचा. टाय फायटरच्या डायलवर १ बँक नसते, पण आतल्याला २ आणि बाहेरच्याला ३ बँक दिली की ओळ ४५ अंशांत सुरेख फिरते आणि बाहेरचे जहाज सात मिलिमीटर मागे राहते. अशा दोन फिरण्यांनंतर ही तूट साचत जाते आणि ओळ किंचित तिरकी दिसू लागते. ती फार वाढण्याआधी दुसऱ्या बाजूचे एखादे वळण घेतले की हिशेब परत जुळतो.

मागे दुसरी ओळ असेल तर मात्र सावध राहावे लागते. दोन्ही ओळींनी एकाच फेरीत 'घूम' केले, तर मागच्या ओळीचे बाहेरचे जहाज पुढच्या ओळीच्या आतल्या जहाजावर जाऊन पडते, कारण आतले जहाज १ टर्न घेऊन जेमतेम तिथल्या तिथे वळलेले असते. यावर तोडगा असा, की दोन ओळींमध्ये २ सरळ पट्टीच्या लांबीइतकी, म्हणजे ८० मिलिमीटरची फट आधीच ठेवायची. पुढची ओळ वळते त्या फेरीत मागची ओळ २ सरळ घेते आणि बरोबर पुढच्या ओळीने सोडलेल्या जागी येते, आणि पुढच्या फेरीत तेच वळण त्याच बिंदूवर घेते. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या लढाईत जपानी नौसेनापती हेइहाचिरो टोगो यांनी आपली रांग अशीच एकापाठोपाठ एक एकाच बिंदूवर वळवली होती, आणि त्यातला धोकाही त्याच लढाईत दिसला: जहाजे कोठे वळणार हे रशियनांना कळल्यामुळे त्यांनी त्या बिंदूवर तोफा लावल्या. टोगो यांचा जुगार यशस्वी झाला. टेबलावरही समोरच्याला आपली मागची ओळ पुढच्या फेरीत कोठे असेल हे पहिल्या ओळीकडे पाहूनच कळते, म्हणून हा प्रकार शत्रू दूर असतानाच परवडतो.

लघुग्रहांचा विषय थोडक्यात आटोपतो. खेळाच्या आरंभी दोन्ही खेळाडू मिळून सहा अडथळे मांडतात आणि कोणत्याही दोघांमध्ये १०० मिलिमीटरहून जास्त अंतर राहावे लागते. आपल्या दोन जहाजांच्या ओळीची रुंदी ४० अधिक २० अधिक ४०, म्हणजे नेमकी १०० मिलिमीटर. त्यामुळे अगदी जवळ मांडलेल्या दोन लघुग्रहांच्या मधूनही ही ओळ सरळ रेषेत निसटू शकते, तिरकी मात्र नाही, आणि तीन जहाजांची ओळ तर अजिबात नाही. सुरक्षिततेसाठी फट २५ मिलिमीटर करण्याचा मोह होतो, पण तेवढ्याने ही वाट बंद होऊ शकते. अडथळे मांडण्याची आपली पाळी येते तेव्हा ते आपल्या ताफ्याच्या बाजूला न मांडता टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडणे, हा यावरचा जुना आणि उत्तम उपाय आहे.

ताफा शत्रूच्या पलीकडे निघून गेला, की टाय फायटरांना ३ किंवा ४ सरळ पट्टीची कोयोग्रान टर्न घेता येते: सरळ जाऊन जहाज उलटे फिरवायचे. सगळ्यांनी एकच पट्टी वापरली तर चौरस चौरसच राहतो, पण मागची ओळ आता पुढची होते, आणि तिच्याबरोबर हाउलरनरही पुढे येते. ही चाल डायलवर लाल रंगात, म्हणजे अवघड चाल म्हणून, दाखवलेली असल्यामुळे प्रत्येक जहाजावर ताणाची खूण येते, आणि ती उतरेपर्यंत कृती करता येत नाही आणि दुसरी लाल चालही घेता येत नाही. ताण उतरवणाऱ्या हिरव्या चाली टाय फायटरकडे २ सरळ, २ बँक आणि ३ सरळ या आहेत, आणि गंमत म्हणजे आपल्या दोन ओळींच्या चौरसात पुढे उभ्या असलेल्या हाउलरनरला न आदळता मागच्यांना या तिन्ही चाली घेता येतात. तिच्यावर आदळवणारे १ आणि २ टर्न तसेही त्या फेरीत घेऊ नयेत, कारण ते हिरवे नाहीत. विस्कटलेले एखादे जहाज जागेवर आणायचे असेल, तर चाल पूर्ण झाल्यावर कृती म्हणून बॅरल रोल करता येतो. त्यात १ सरळ पट्टी बेसच्या कुशीला लावून जहाज ८० मिलिमीटर बाजूला सरकते. एवढी मोठी उडी लहानशा चुकीच्या दुरुस्तीला जास्तच होते, त्यामुळे दहा मिलिमीटरची चूक बॅरल रोलने सुधारायला जाऊ नये. ती तशीच राहू द्यावी आणि त्या फेरीत नेम धरण्याची कृती वापरावी.

समोरचा खेळाडू जाणता असेल, तर तो कमी आकड्याचे एखादे स्वस्त जहाज मुद्दाम आपल्या वाटेत आणून उभे करतो. आपले पहिले जहाज त्याच्यावर आदळून मागे सरकते, ते ज्या जागी थांबले ती जागा मागच्याची असते, मग मागचे त्याच्यावर आदळते, आणि चार-पाच जहाजांच्या कृती एका दमात वाया जातात. डायल आधीच लावलेले असल्यामुळे या क्षणी करण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून बचाव डायल लावतानाच करायचा असतो. समान आकड्याच्या जहाजांचा क्रम बदलून कधी थोडे नुकसान वाचवता येते: आदळण्याची खात्री असलेल्या जहाजाच्या डोक्यावरून पलीकडे उतरू शकणारे मागचे जहाज आधी हलवायचे, म्हणजे निदान त्याची कृती तरी शाबूत राहते. पण शत्रू पुढच्या फेरीत दोनशे मिलिमीटरच्या आत येणार असे दिसले, की पुढच्या ओळीला २ सरळ आणि मागच्या ओळीला डावी-उजवी २ बँक लावून चौरस आपणहून उघडणे अधिक शहाणपणाचे असते. तेव्हा मागचे जहाज हाउलरनरच्या १०० मिलिमीटरच्या आत राहते की नाही, एवढे डोळ्यांनी मोजून घ्यावे आणि मग डायल पालथा ठेवावा.